पोलीस लिहायचाय? मग हा कोरियन चित्रपट वही घेऊन बघा

माझ्याकडे एकांकिकांच्या संहिता वाचायला येतात. स्पर्धांचे दिवस जवळ आले की जरा जास्तच. त्यांत कुठे ना कुठे पोलीस असतोच, आणि तो दोनच साच्यांतून काढलेला असतो. एक टेबलावर काठी आपटून 'खरं बोल!' असं गरजणारा. दुसरा पान चघळत 'आमचंही काही बघा की' म्हणणारा. दोघांनाही भूक लागत नाही, दोघांचेही पाय दुखत नाहीत, दोघांच्याही डोक्यावर साहेब नसतो. मी साताऱ्याच्या पोलीस लाइनीत वाढले, वडील हवालदार होते. असा पोलीस वाचला की मी समासात पेन्सिलीनं लिहिते: याची ड्युटी कधी सुटते?

या प्रश्नाचं उत्तर ज्यानं पडद्यावर नीट दिलंय तो दिग्दर्शक म्हणजे बाँग जून-हो. 'पॅरासाइट'मुळे आता त्याला सगळे ओळखतात, पण पोलीस शिकायचा तर त्याचा २००३ सालचा 'मेमरीज ऑफ मर्डर' बघा. हा त्याचा दुसराच चित्रपट. पहिला पडला होता. हा मात्र कोरियात ५० लाखांहून जास्त लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला.

नाटकवाल्यांसाठी मुद्दाम सांगते, याचं मूळ नाटकात आहे. किम क्वांग-रिम यांचं नाटक १९९६ साली रंगमंचावर आलं, आणि ते बेतलेलं होतं सोलच्या दक्षिणेला असलेल्या ह्वासाँग भागातल्या खऱ्या खुनांवर. १९८६ ते १९९१ या काळात तिथे दहा स्त्रियांचे खून झाले. त्यांत शाळकरी मुलगी होती आणि सत्तरी ओलांडलेली म्हातारीही होती. पोलिसांनी २१ हजारांहून जास्त संशयित तपासले. चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता, आणि कोरियातल्या प्रेक्षकाला हे तिकीट काढतानाच ठाऊक होतं. म्हणून मीही पुढे शेवट लपवत नाही. आधी बघायचा असेल तर बघून या, सव्वादोन तासांचं काम आहे.

बघायचं कसं

दोनदा. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा वहीच्या पानावर तीन रकाने आखा: 'काय आहे, काय नाही', 'काय खातात' आणि 'कुणाचा राग कुणावर निघतो'. कॅमेरा कसा फिरला, प्रकाश कुठून आला याच्या नोंदी नकोत, त्या छायाचित्रणाच्या वर्गाला ठेवा. तुम्हाला माणूस लिहायचाय, आणि तो या तीन रकान्यांत सापडतो.

मुलं रकाने भरून आणतात तेव्हा मधला बहुतेक वेळा रिकामा असतो. मग मी त्यांना तिसऱ्यांदा बघायला लावते. ओरडतात, पण बघतात.

आधी दारिद्र्य लिहा

पहिलं दृश्य घ्या. २३ ऑक्टोबर १९८६. पिवळी धमक भातशेती, वर लख्ख ऊन. गावचा डिटेक्टिव्ह पार्क दू-मान (साँग कांग-हो) येतो तो शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या मागे बसून. शेताच्या कडेला फरशा टाकून झाकलेलं गटार आहे, आत प्रेत आहे. पार्क वाकून बघतो, आत काळोख. मग फुटक्या आरशाच्या तुकड्यानं तो ऊन आत पाडतो आणि तेवढ्या उजेडात बाईचं प्रेत बघतो. वर फरशीवर एक पोरगा बसलाय. पार्क जे जे बोलतो ते तो जसंच्या तसं चाळा करत परत म्हणतो.

पहिल्या रकान्यात लिहा: गाडी नाही, उजेड नाही, घटनास्थळाभोवती दोरी नाही, आणि मान तर नाहीच, शेंबडं पोर वेडावतंय. संवादातून यातलं काहीही सांगितलेलं नाही. 'आमच्याकडे साधनं नाहीत हो' असं वाक्य तुमच्या संहितेत असेल तर आत्ताच खोडा आणि त्याच्या हातात आरशाचा तुकडा द्या.

पुढचं प्रेत सापडतं तिथलं दृश्य तर घडवण्याच्या कलेचा धडाच आहे. कॅमेरा मध्ये न थांबता पार्कच्या मागे फिरतो. शेताच्या वाटेवर एक पाऊल उमटलंय, खुन्याचंही असू शकतं. पार्क त्याच्याभोवती खूण करून ठेवतो, लोकांना लांब हो म्हणून ओरडतो. बघ्यांची गर्दी, पोरांची पळापळ, बातमीदार आत घुसलेले. प्रयोगशाळेचा माणूस वेळेवर येत नाही. अधिकारी बांधावरून घसरून चिखलात पडतात. तेवढ्यात ट्रॅक्टर येतो आणि त्या पावलावरून निघून जातो. पार्क शिव्या घालतो, बाकी करणार काय?

इथे हसू येतं. येऊ द्या. पण बाँग कुणावर हसवतोय ते बघा. पार्क इथे मूर्खासारखा वागत नाही, या एका दृश्यात तो अगदी योग्य तेच करायला बघतोय. त्याला जमत नाही, कारण एका माणसानं पाच जणांचं काम करायचं ठरवलं तर हेच होतं. आमचे वडील एकदा ठाण्याच्या जीपमध्ये डिझेल नाही म्हणून एसटीनं घटनास्थळी गेले होते. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, पण प्रेताशेजारी उभं राहून सरकारी गाडीची वाट बघण्याची वेळ काही चुकली नाही. घरी आल्यावर आई विचारायची तेव्हा ते फक्त 'उशीर झाला' एवढंच सांगायचे. तुमचा पोलीस साधनांबद्दल तक्रार करत असेल तर तो नवखा आहे. जुना माणूस तक्रारीच्या पलीकडे गेलेला असतो.

रिकामा वेळ भरू नका

मधल्या रकान्यात पहिली नोंद जाजांगम्यॉनची व्हायला हवी. काळ्या सॉसमधल्या या नूडल्स कोरियात कुठेही मागवता येतात, आपल्याकडे ठाण्यात वडापाव येतो तशा. पोलिसांनी बेक क्वांग-हो नावाच्या मतिमंद मुलाला पकडलंय. त्याचा चेहरा लहानपणी भाजलेला. तळघरात त्याला मारतात, धमकावतात. आणि मग त्याच तळघरात, त्याच मुलासोबत बसून सगळे जाजांगम्यॉन खातात आणि टीव्हीवर त्या काळी गाजलेली पोलीस मालिका बघतात. शीर्षकसंगीत लागतं तेव्हा एकत्र गुणगुणतात. मारणारे आणि मार खाणारा एकाच मालिकेचे चाहते.

हे दृश्य कापलं असतं तर कथेचं काहीच बिघडलं नसतं. पुरावा नाही, उलगडा नाही, भांडणही नाही. पण यानंतर तुम्हाला या पोलिसांचा नुसता द्वेष करता येत नाही आणि त्यांना माफही करता येत नाही. लाथ घातलेल्या पोराला तेच शेजारी बसवून जेवू घालतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही, याचीच भीती वाटते. माझ्या मते सगळ्या चित्रपटातलं हे सर्वांत धाडसी दृश्य आहे. पाठलागाची दृश्यं कुणीही लिहील.

करायचं असं: चौकशीचा प्रसंग लिहिलात की त्याच्या मध्यावर कुणाला तरी भूक लागू द्या. कोण पैसे देतं, आरोपीला मिळतं का, उष्टं कोण उचलतं, एवढं ठरवा. संवाद आपोआप बदलतील.

घरच्या गोष्टीही अशाच आडवळणानं येतात. पार्कची मैत्रीण सॉल-युंग घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी बाई. गावातल्या गप्पा पार्कला तिच्याकडूनच कळतात. पुढे एका दृश्यात तो उघड्यावर झाडाखाली सलाईन लावून बसलाय आणि ती त्याला नोकरी सोड म्हणतेय. थकवा दाखवायला एक बाटली आणि एक नळी पुरली. 'मी फार थकलोय गं' हे वाक्य साँग कांग-होसारख्या नटालासुद्धा दिलेलं नाही.

मारहाण लिहाल तर तपशिलात लिहा

पार्कचा सहकारी चो याँग-गू हा मारणारा. संशयिताला लाथ घालण्याआधी तो काय करतो ते बघा. आपल्या बुटावर कापडी आवरण चढवतो. खुणा राहू नयेत म्हणून. घाई नाही, राग नाही. सुतार कामाला बसण्याआधी पेन्सिल कानाला लावतो तशी ही सवय झालेली.

नवे लेखक मारहाण लिहितात ती रागानं. डोळे लाल, शिरा ताठ. खऱ्या ठाण्यात मारहाण ही पद्धत असते, तिचं साहित्य असतं, ते ठेवायची जागा असते. बाँगनं तो एक कापडी तुकडा दाखवला आणि चोच्या आधी अशाच खोलीत असे किती चो होऊन गेले असतील ते कळलं. कुणी त्याला हे शिकवलं असणार. कुणी तरी ते आवरण शिवलंही असणार.

पुढे वरिष्ठ बदलतात. नवे साहेब चोला मारहाणीबद्दल जिन्यावरून लाथ घालून खाली पाडतात. तिसऱ्या रकान्यात ही नोंद ठळक करा: मारू नको, हे शिकवायलाही लाथच. मग चो खानावळीत दारू पितोय आणि टीव्हीवर पोलिसांनी केलेल्या लैंगिक छळाची बातमी चाललीय. ही बातमी खरी आहे. १९८६ साली बुचॉनच्या पोलीस ठाण्यात एका तरुण कामगार कार्यकर्तीवर अत्याचार झाला होता आणि देश हादरला होता. शेजारच्या टेबलावर विद्यार्थी पोलिसांना शिव्या घालतात. चो उठतो आणि हाणामारी सुरू होते. त्या गोंधळात क्वांग-हो खिळा असलेली फळी त्याच्या पायावर मारतो. गंजका खिळा, धनुर्वात, पाय कापावा लागतो.

ज्या पायावर तो आवरण चढवायचा तोच पाय. कवितेतला न्याय वाटतो ना? पण बाँग तो न्याय म्हणून साजरा करत नाही. चोच्या मागे कुणी नाही, बायको नाही, आई दिसत नाही, आणि अचानक तो रुग्णालयात पडलेला एकटा माणूस होतो. तुम्हाला त्याची दया येते आणि दया आल्याचा रागही येतो. प्रेक्षकाला या अवस्थेत नेऊन सोडायचं, हे तुमचं काम. 'त्याला त्याच्या कर्माचं फळ मिळालं' हे कुणाही पात्राच्या तोंडी घालू नका.

प्रत्येकाला एक श्रद्धा द्या आणि ती मोडा

हा भाग सावकाश वाचा, माझ्याकडे येणाऱ्या संहिता बहुतेक इथेच पडतात.

पार्कची श्रद्धा डोळ्यांवर आहे. माणसाच्या डोळ्यात बघितलं की गुन्हेगार कळतो, असं तो मानतो. संशयितांचे फोटो वहीत चिकटवून तो त्यांच्याकडे टक लावून बसतो. सोलहून स्वतःहून आलेला सो ते-युन (किम सांग-क्यंग) याच्या उलटा. त्याची श्रद्धा कागदावर, कागद खोटं बोलत नाहीत हे त्याचं म्हणणं. क्वांग-होचे वाकडे झालेले हात बघून तो लगेच सांगतो, या बोटांनी अशी गाठ मारता येणार नाही. बेपत्ता बाईची नोंद वाचून तो प्रेत कुठे असेल याचा अंदाज बांधतो आणि तो खरा निघतो.

इथपर्यंत कुणीही लिहिलं असतं. गावचा अडाणी, शहरातला हुशार. हिंदीत याचे कित्येक चित्रपट झाले. बाँग काय करतो? पहिल्या अर्ध्या तासातच साहेबांच्या तोंडून पार्कची परीक्षा घेतो. ठाण्यात दोन तरुण बसलेत, कागद भरताहेत. एक बलात्कारी आहे, दुसरा त्या मुलीचा भाऊ, ज्यानं त्याला पकडून आणलंय. सांग बघू कोणता कोण? पार्क बघतो. कॅमेराही बघतो. आपणही बघतो. आणि उत्तर कधीच मिळत नाही. दृश्य संपतं. पार्कच्या श्रद्धेला तडा गेलाच, पण ती त्याच्यासोबत आपलीही होती हे आपल्याला तेव्हा कळतं.

सोची श्रद्धा मोडायला बाँग जास्त वेळ घेतो आणि ते जास्त क्रूर आहे. मध्ये एका शाळकरी मुलीशी सोचं दोन मिनिटांचं बोलणं होतं, तिच्या कमरेवरच्या जखमेवर तो पट्टी लावून देतो. पुढे पावसात त्याच मुलीचं प्रेत सापडतं, आणि त्या प्रेतावर ती पट्टी असते. या एका पट्टीनंतर सो कागदांचा राहत नाही. संशयित पार्क ह्यॉन-ग्यू (पार्क हे-इल) याला तो रेल्वेच्या बोगद्यासमोर फरफटत नेतो, बडवतो, पिस्तूल रोखतो. तेवढ्यात पार्क दू-मान पावसात धावत कागद घेऊन येतो. अमेरिकेहून आलेला डीएनएचा अहवाल. जुळत नाही. आणि ज्या माणसानं आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवला तो म्हणतो, हा कागद खोटा आहे.

आता पार्क दू-मानकडे बघा. तो मारू देत नाही. तो त्या मुलाची हनुवटी धरून त्याच्या डोळ्यात बघतो, आपलं नेहमीचं हत्यार शेवटचं काढतो. आणि कबूल करतो की कळत नाही. मग विचारतो, जेवतोस ना वेळच्या वेळी? हे वाक्य साँग कांग-होनं ऐनवेळी स्वतःचं घातलं असं सांगतात. संहितेत नसलेली ओळ सगळ्या कोरियानं पाठ केली.

म्हणजे दोघांनी जागा बदलल्या. मारणारा थांबवतो, थांबवणारा मारतो. पण हा बदल एका भाषणातून झालेला नाही. पट्टी, पाऊस, कागद, आणि कित्येक रात्री न झालेली झोप. तुमच्या पात्रात बदल घडवायचा असेल तर संवादाआधी वस्तू शोधा.

चहा कोण करतं ते लिहा

ठाण्यात एक महिला पोलीस आहे, क्वॉन ग्वी-ओक. पुरुष सहकारी तिच्याकडे सहकारी म्हणून फारसं बघत नाहीत. कॉफी-चहाची अपेक्षा तिच्याकडून. आणि तपासातला सर्वांत मोठा धागा तिला सापडतो: पाऊस पडतो त्या रात्री रेडिओवर एकाच गाण्याची फर्माईश येते, आणि त्याच रात्री खून होतो. लाल कपडे घालून पावसात आमिष म्हणून चालायलाही तिलाच पाठवतात. जिवंत राहिलेल्या एका बाईशी बोलणंही तिच्यामुळेच शक्य होतं, कारण ती बाई पुरुषांसमोर तोंड उघडणार कशी?

बाँगनं तिला नायिका केलं नाही, आणि मला ते पटतं. १९८६ च्या त्या ठाण्यात ती नायिका झाली असती तर खोटं वाटलं असतं. पण तिचं काम दिसतं. आमच्या लाइनीत महिला शिपाई आल्या तेव्हा मी शाळेत होते. त्या मोर्चाच्या बंदोबस्तावर दिवसभर उभ्या राहायच्या आणि त्यांना स्वच्छतागृह कुठे आहे हे कुणी ठरवलेलं नसायचं. त्या पाणी कमी प्यायच्या. असा एक तपशील तुमच्या संहितेत असेल तर 'स्त्री-पुरुष समानता' यावर वेगळा प्रवेश नको.

आणि पोलिसांच्या खोलीत आणखी एक माणूस असतो, ज्याला लेखक विसरतात. ज्याला पकडलंय तो. क्वांग-होला पार्क नायकीच्या नकला असलेले बूट देतो, त्यांवर नाव असतं 'नाईस'. दिलेलं बक्षीसही नकली. त्याला रानात नेऊन खड्डा खणायला लावतात, कबुली टेपवर घेतात. तो जे बोलला ते फार उशिरा नीट ऐकलं जातं: तो स्वतःचा गुन्हा सांगत नव्हता, बघितलेला खून सांगत होता. एकमेव साक्षीदार हाताशी होता आणि यांनी त्यालाच आरोपी केला. पुन्हा विचारायला जातात तेव्हा तो घाबरून पळतो आणि रेल्वेखाली येतो.

पोलिसाला माणूस म्हणून लिहायचं तर त्याच्या हातून ज्याचं नुकसान झालं त्यालाही तेवढाच माणूस लिहावा लागतो. ही अट पाळली नाही तर तुम्ही खात्याची जाहिरात लिहिताय.

सरकार चौकटीत ठेवा

बाँग योनसे विद्यापीठात समाजशास्त्र शिकला, १९८८ साली दाखल झाला आणि विद्यार्थी आंदोलनात होता. अश्रुधुराच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला माणूस पोलिसांवर चित्रपट करतो तेव्हा सूड घ्यायची सोय त्याच्याकडे पुरेपूर असते. त्यानं ती वापरली नाही. मात्र चुन दू-ह्वानची लष्करी राजवट त्यानं चित्रपटभर मागे उभी ठेवली.

एका पावसाळी रात्री खून होणार अशी खात्री असते. साहेब फोन करून जादा कुमक मागतात. मिळत नाही, सगळे मोर्चा मोडायला गेलेत. दुसऱ्या एका रात्री हवाई हल्ल्याची तालीम आहे, सायरन वाजतो, गाव दिवे घालवतं, दुकानांची शटर्स पडतात. आणि त्या सरकारी काळोखात एक मुलगी मारली जाते. सरकारनं खून केला असं कुणी म्हणत नाही. दिवे कुणी घालवले ते फक्त दिसतं.

तुमच्या एकांकिकेचा काळ कोणता, ठाण्यातली माणसं त्या आठवड्यात कुठल्या बंदोबस्ताला गेलीत, हे पहिल्या पानावर स्वतःसाठी लिहून ठेवा. निवडणूक? मंत्र्यांचा दौरा? विसर्जन? तपास कुठल्या दिवशी का झाला नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं.

उकल नसेल तर शेवट कसा करायचा

शेवटी चित्रपट २००३ मध्ये येतो. पार्कनं नोकरी सोडलीय, ज्यूसची यंत्रं विकतो. गाडी थांबवून तो त्या गटाराशी वाकतो. एक लहान मुलगी सांगते, काही दिवसांपूर्वी अजून एक माणूस असाच बघत होता, पूर्वी इथे काहीतरी केलं होतं ते आठवलं म्हणाला. चेहरा कसा होता? साधा. मग पार्क सरळ कॅमेऱ्यात बघतो. खुनी कधी थिएटरात आला तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडावा, असा बाँगचा हेतू होता.

खरं काय झालं ते ऐका, कारण लेखकानं हे माहीत असायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये डीएनएवरून खुनी कळला. ली चुन-जे. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. खटल्याची मुदत २००६ मध्येच संपली होती, त्यामुळे या खुनांची शिक्षा त्याला झाली नाही. न्यायालयात त्यानं सांगितलं की तुरुंगात त्यानं हा चित्रपट पाहिला होता आणि त्याला विशेष काही वाटलं नाही. पार्कची ती नजर ज्याच्यासाठी होती त्याच्यावर तिचा काडीचाही परिणाम झाला नाही.

आणि दुसरं. आठव्या खुनासाठी एक तरुण पकडला गेला होता. लहानपणी पोलिओ झालेला, पाय अधू. त्याला झोपू न देता, उठाबशा काढायला लावून कबुली घेतली गेली होती. त्यानं २० वर्षं तुरुंगात काढली. ली चुन-जेनं तो खूनही आपणच केल्याचं सांगितलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयानं त्या माणसाला निर्दोष ठरवलं. बाँगनं ते तळघर लिहिलं तेव्हा हे बाहेर आलेलं नव्हतं. बुटावरचं आवरण आणि बळजबरीची टेप त्यानं अंदाजानं लिहिली नव्हती. तपासातल्या पोलिसांना, बातमीदारांना भेटून त्यानं साहित्य गोळा केलं होतं. मेहनत तिथे झाली.

म्हणून उकल नसलेली कथा लिहिताना दोनच गोष्टी सांभाळा. खुन्याला शेवटच्या पानावर 'प्रतीक' करू नका, तो समाज नाही, व्यवस्था नाही, तो एक माणूस आहे, फक्त सापडलेला नाही. आणि तपास करणाऱ्याचं पुढे काय झालं ते पोटापाण्याच्या भाषेत सांगा. ज्यूसची यंत्रं. कोर्टात तारखा सुरू असतात, तोपर्यंत माणूस निवृत्त होऊन एटीएमबाहेर खुर्चीवर बसलेला असतो.

आता लिहायला बसा

पहिला मसुदा फक्त एका खोलीचा करा, एका रात्रीचा, दहा पानांच्या आत. कुणीही गुन्हा उलगडायचा नाही. तीन रकाने आता तुमच्या पात्रांसाठी भरा. मग मसुदा मोठ्यानं वाचा आणि ज्या वाक्यात पोलीस 'कायदा', 'न्याय' किंवा 'वर्दी' हे शब्द उच्चारतो ती सगळी वाक्यं काढा. काही उरतं का बघा. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात दीड पान उरलं होतं, आणि तेच खरं नाटक होतं. बाकीचं त्यानं त्यातून पुन्हा उभं केलं.

नंतर हा मसुदा एखाद्या हवालदाराला वाचून दाखवा. साहेबाला नको, तो सुधारणा सुचवेल. निवृत्त माणूस बरा, त्याला वेळ असतो. कथा आवडली का, हे विचारू नका. विचारा: यांतलं कोण किती वाजता घरी जाईल? मुद्देमालाची खोली कुणाच्या ताब्यात? स्टेशन डायरीत या रात्रीची नोंद काय पडेल? नोंदीत काय लिहिलं जाणार नाही? शेवटच्या प्रश्नाला तो बहुधा थोडा वेळ घेईल आणि मग इकडचं तिकडचं बोलायला लागेल. वही बंद ठेवा, ऐकून घ्या, घरी जाऊन लिहा. त्याचं नाव, गाव, बक्कल नंबर संहितेत येणार नाही याची काळजी घ्या, आणि चहाचे पैसे तुम्ही द्या.